फळी घेऊन मंडईला

गोंदिया जिल्ह्यात समुद्र नाही. हे मी ऐकीव माहितीवर सांगत नाही. आमगावच्या शाळेत मी नोकरीभर भूगोल शिकवला आहे. इथून कोणत्याही दिशेला चालायला लागा, समुद्र लागायच्या आत माणूस थकतो, म्हातारा होतो, नाहीतर वाटेतले नातेवाईक त्याला जेवायला ओढून नेतात. अशा या जिल्ह्यात, दिवाळीनंतरच्या मंडईच्या दिवसांत, आम्ही तिघं समुद्राच्या लाटांवर उभं राहायची फळी बोलेरोच्या टपावर बांधून फिरून आलो. ज्यांना येता आलं नाही त्यांच्यासाठी हे लिहिते. येता आलं असतं तरी तुम्ही आला नसता, हेही मला ठाऊक आहे.

तिघं म्हणजे मी, माझा मुलगा सुधाकर आणि त्याची मुलगी रेवती.

रेवती इंजिनिअर व्हायला चेन्नईला गेली आणि इंजिनिअर होऊन समुद्रात उतरली. तिथल्या एका कोळीवाड्यात सर्फिंगची शाळा आहे. तिथं ती आधी शिकली, मग शिकवायला लागली. आयटीतल्या पोरांना फळीवर पालथं झोपायचं कसं, लाट आली की टुणकन उठायचं कसं, आणि पडल्यावर जणू मुद्दामच पडलो असं तोंड कसं करायचं, हे ती शिकवायची. सुधाकर लोकांना सांगायचा, "पोरगी चेन्नईला ट्रेनिंग डिपार्टमेंटात आहे." खोटं नव्हतं ते.

पावसाळ्याच्या तोंडाशी एका लाटेनं तिला खाली दाबलं. वर यायच्या आत दुसरीनं दाबलं. "वर कुठं आणि खाली कुठं हेच कळेना, आजी," असं तिनं मला एकदाच सांगितलं. पुन्हा तो विषय काढला नाही. दवाखान्यातला फोन सुधाकरला आला होता. तो तिला घेऊन आला, सोबत फळीही आली. फळी धानाच्या पोत्यांमागं उभी राहिली आणि पोरगी खाटेवर आडवी. विहिरीवरसुद्धा जाईना. सुधाकरनं बी.एड.चा विषय काढला. आमच्या घरात संकट आलं की बी.एड.चा विषय निघतो. मीही तशीच शिक्षिका झाले.

दिवाळीत तिच्या शाळेच्या अण्णाचा फोन आला. हा अण्णा कोळ्याचा मुलगा, त्यानंच तिला शिकवलेलं. हंगाम सुरू होतो आहे, येणार असशील तर ये, नाहीतर दुसरी कोणी बघतो, म्हणाला. रेवती म्हणाली, मंडई झाल्यावर सांगते. तोंडावरून दिसत होतं, काय सांगणार ते.

तिनं जावं असं माझं म्हणणं नव्हतं. पण 'नाही' म्हणायचं तर ते एकदा पाण्यात उभं राहून म्हणावं, खाटेवर पडून नव्हे. एवढ्यासाठी मी थोडी लबाडी केली. लबाडीचं कारण चांगलं असलं की तिला नियोजन म्हणतात.

मोबाईलवर मी एक व्हिडिओ पाहिला होता. परदेशात कुठल्याशा शहरात भरवस्तीतून नहर, म्हणजे कालवा, जाते. पाणी जोरात उताराला येतं आणि खाली दुमडून एक लाट जागच्या जागी उभी राहते. पाणी पळतं, लाट हलत नाही. पोरं त्या लाटेवर फळ्या घेऊन नाचतात, आणि काठावर लोक ऑफिसची बॅग घेऊन आपली पाळी येईतो उभे. मी धाकट्या बहिणीला, कुसुमला फोन लावला. तिचं गाव नवेगावच्या तलावापलीकडं, धरणाच्या नहरेवर.

"कुसुम, तुझ्या वावरामागं नहर एकदम खाली उतरते ना? तिथं पाणी कसं होते?"

"उसळी मारते ना वो बाई. म्हशी भेतेत तिथं."

"सध्या पाणी आहे?"

"हाये. औंदा आखरीचा पाऊस आलाच नाही ना, उशिराच्या भारी धानासाठी सोडलं. पण तू कायले पुसून राहिली?"

मंडईला येते म्हटलं. सुधाकरला सांगितलं, फळी कुसुमच्या नातवंडांना दाखवायची आहे. माझ्याच पोटचा आहे, त्याला शंका आली असणार. पण फळी बांधली.

गोंदिया

मंडई म्हणजे भाजीबाजार नव्हे, हे पुण्याकडच्या वाचकांसाठी सांगते. आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर प्रत्येक गावाची एकेक मंडई ठरलेली असते. त्या दिवशी गावातल्या प्रत्येक घरी पाहुणे, दिवसा बाजार, रात्री नाटक. कोणाची मुलगी लग्नाची झाली, कोणाचा जवाई जाडा झाला, याची वर्षाची तपासणी तिथंच होते.

फळी नऊ फुटांची. तिला जुनी पांढरी चादर गुंडाळून टपावर आडवी बांधली होती. त्याचा परिणाम गोंदियात शिरताच दिसला. एका चौकात दोघांनी हात जोडले. एका बाईनं डोक्यावरून पदर घेतला. सुधाकर घामाघूम झाला.

"आई, लोकांना वाटते आपण..."

"वाटू दे. रस्ता देऊन राहिले ना?"

पेट्रोल पंपावर त्यानं चादर काढूनच टाकली. खाली निळी-पिवळी फळी चमकली. पंपावरचा माणूस पाइप हातात धरून बघत राहिला. गोंदिया शहर मराठीत नमस्कार करतं आणि हिंदीत चौकशी करतं.

"अम्मा, ये क्या है? दुकान का बोर्ड?"

"समुंदर की लहर पे खडा होने का पटिया है."

"पर अम्मा, इधर तो लहर नहीं है."

"इसीलिए तो ढूंढने निकले हैं."

त्यानं रेवतीकडं पाहिलं, सुधाकरकडं पाहिलं आणि मला एकटीलाच गाडीत नीट बसा म्हणून सांगितलं.

मागच्या सीटवर रेवती गप्प होती. मी तिला बोलतं करायला म्हटलं, "हे खूळ काढलं कोणी गं पहिल्यांदा?" विषय निघाला तसा तिच्यातला मास्तर जागा झाला. माझ्या घराण्याचा गुण; प्रश्न विचारला की भीती, भूक, सगळं विसरतात.

ती सांगायला लागली. लांब पॅसिफिक महासागरात हवाई बेटं आहेत, तिथले लोक फार पूर्वीपासून लाटांवर चढायचे. राजाची फळी लांब, रयतेची आखूड. फळीसाठी झाड तोडायचं तर आधी झाडाच्या मुळाशी मासा ठेवायचा, मंत्र म्हणायचे, मग कुऱ्हाड. लाटा चांगल्या असल्या की शेतीची कामं थांबायची, राजा-राणीसकट गाव पाण्यात.

"आमच्याकडं नाटक असलं की तसंच," मी म्हटलं.

मग गोऱ्यांचे धर्मोपदेशक आले. उघडी माणसं दिवसाढवळ्या हसताना पाहून त्यांना धक्का बसला. कपडे घाला, कामं करा, पुस्तक वाचा. गोऱ्यांच्या रोगांनी माणसंही पटापट मेली. खेळ जवळजवळ संपला. पुढं त्याच बेटांवर हॉटेलं उभी राहिली आणि हॉटेलवाल्यांनी जाहिरातीत काय छापलं? लाटेवरची उघडी माणसं. जे पाप म्हणून बंद केलं तेच पुढं पॅकेजमध्ये नाश्त्यासकट.

"आणि आपल्याकडं?"

"आपल्याकडं कोळ्यांची पोरं तुटक्या होडीच्या फळकुटावर पिढ्यान्‌पिढ्या लाटा धरायची, आजी. त्याला सर्फिंग म्हणायचं हे कोणी सांगितलंच नाही. बाहेरचे लोक आले, नाव सांगितलं, मग शाळा निघाल्या. अण्णाच्या बापानं त्याला फळकुट घेऊन पळतो म्हणून वल्ह्यानं मारलंय. आता तोच बाप शाळेच्या दारात खुर्ची टाकून बसतो आणि बंगलोरच्या पोरांना सांगतो, मीच शिकवलं."

तिनं तिथल्या गिऱ्हाइकांचंही वर्णन केलं. आठवडाभर राहतात, केस विस्कटून घेतात, 'समुद्रानं मला बोलावलं' म्हणतात आणि कोरड्या वाळूत फळी काखेत धरून फोटो काढतात. काही जण पाण्याला पायही लावत नाहीत. मी खूप हसले. मग हसू जरा आवरलं, कारण मला जगन्नाथपुरी आठवली.

तिशीत होते मी. शाळेच्या बायकांची सहल. तोवर 'लाटा का निर्माण होतात' हा धडा मी डझनभर वर्गांना शिकवलेला, फळ्यावर रंगीत खडूनं लाटा काढून. समुद्र पाहिलेला नव्हता, पण अधिकार होता. खळ दिलेली साडी, काळा गॉगल आणि अंबाड्यात गंगावन अशा थाटात मी वाळूवर उभी राहून बाकीच्यांना सूचना दिल्या: समुद्राकडं पाठ करा, फोटोत लाट मागून यायला हवी. लाट मागून आली. बाकीच्या ओरडत पळाल्या. मी पळाले नाही, कारण माझ्या हिशेबानं तिनं अलीकडंच फुटायला हवं होतं. उठले तेव्हा गॉगल नव्हता, अंबाडा नव्हता, आणि एक कोळी माझं गंगावन दोन बोटांत लांब धरून, हे जनावर चावतं का, अशा नजरेनं बघत होता. शाळेच्या वार्षिकात मी लिहिलं, 'सागराने मला कवेत घेतले.' ती बाई आज भेटली तर तिला मी पहिल्या बाकावर उभी करीन.

हे सांगितल्यावर रेवती हसली. पावसाळ्यानंतर पहिल्यांदा. सुधाकरनं आरशातून पाहिलं आणि गाडी उगाच हळू केली.

कोहमारा

कोहमाऱ्याला हायवेचा फाटा आहे. रायपूर-नागपूरचे ट्रक तिथं झोपतात, जेवतात, भांडतात. आम्ही ढाब्यावर आलूबोंडे घ्यायला थांबलो. ढाब्याचा मालक बाहेर आला, टपाकडं मान वर करून पाहिलं आणि चेहरा उजळला.

"कोणती कंपनी हाय? आज कोण्या गावाले?"

मंडईच्या दिवसांत टपावर रंगीत फळ्या बांधलेली गाडी म्हणजे नाटक कंपनी, हा आमच्याकडचा साधा हिशेब. माणसाचा आनंद मोडू नये.

"नाटकाचं नाव काय जी?"

"'लाटेवरची पोरगी'," मी म्हटलं.

"आजी!" रेवती.

"हे हिरोईन," मी म्हटलं.

त्यानं रेवतीला नमस्कार केला. सुधाकरच्या मिशांकडं पाहून म्हणाला, "अन् हे विलन असतीन." सुधाकर सरकारी कचेरीत आहे, शिंक आली तरी साहेबांना विचारून शिंकतो. त्याला आयुष्यात पहिल्यांदा कोणी विलन म्हटलं. नको नको म्हणत होता, पण हात मिशीकडं गेला.

"अन् आजी, तुम्ही?"

"मी नाटक लिहिते."

"दुःखी हाय का? दुःखी असन तर लोक येतेत. मागच्या साली आमच्या गावात कॉमेडी आणली, अर्धे लोक उठून गेले."

शेवट अजून ठरला नाही, एवढंच मी सांगितलं. ते खरं होतं.

सौंदडच्या बाजूला धान कापणीला आलेलं, रस्त्याच्या दोन्ही अंगांना पिवळं. पुढं नवेगावचा तलाव लागला. जुन्या काळी कोहळ्यांनी, म्हणजे इथल्या तलाव बांधणाऱ्या जमातीनं, डोंगरांच्या मधे बांध घालून केलेला. उकडलेले शिंगाडे विकायला बायका बसल्या होत्या. मी आणि सुधाकर उतरलो, शिंगाडे सोलत काठावर उभे राहिलो. तलाव असा शांत की त्याला पाहून कोणी भ्यावं असं काही नव्हतं.

रेवती उतरली नाही. वळून पाहिलं तर ती गाडीत पाण्याकडं पाठ करून बसलेली, हातांच्या मुठी मांडीवर. सुधाकरनंही पाहिलं.

"आई, फळी तू कायले आणली ते मला समजते," तो हळूच म्हणाला. "पण तो फोन तुला नाही आला. मला आला."

मी शिंगाडा सोलत राहिले.

कुसुमचं गाव

कुसुमच्या घरी पाय ठेवायला जागा नव्हती. चुलीवर मोहरी वाटून केलेला माशांचा रस्सा, उडदाचे वडे, लाखोळीची डाळ. आणि ओट्यावर, सगळ्यात चांगल्या खुर्चीवर, कुसुमचे जवाई दिलीपराव.

जवाई म्हणजे काय, हे आमच्याकडं मंडईला आल्याशिवाय कळत नाही. पहिलं पाणी जवाईबापूंना, पहिलं ताट जवाईबापूंना, पंखा जवाईबापूंच्या तोंडाकडं. खेळ असो की भांडण, त्यांच्या आधी दुसऱ्यानं हात घालायचा नाही. दिलीपराव नागपूरला राहतात आणि सगळं जाणतात.

"सर्फिंग ना? बॅलन्सचा खेळ आहे," ते खुर्चीतून म्हणाले. "मी गोव्याला बनाना राइड केलं आहे."

रेवतीनं त्यांना लाटांचा कायदा सांगितला. समुद्रावर कोणी मोठा-छोटा नसतो. लाट जिथून फुटायला लागते त्याच्या सगळ्यात जवळ जो, लाट त्याची. मधे घुसणारा कितीही मोठा असो, शिव्या खातो.

"अन् तिथं जवाई असन तर?" कुसुमनं मनापासून विचारलं.

जेवताना मी कुसुमला नहरेचा बेत हळूच सांगितला, पण गोष्टी तिच्या पोटात राहत नाहीत. दुपारी बाजार भरला आणि लाऊडस्पीकरवरून आवाज आला: "उद्या सकाळी, कुसुमबाईच्या वावरामागं, नहरेच्या उतारावर, खास चेन्नईहून आलेली रेवतीताई पाण्यावर उभी राहून दाखवणार आहे! गावकऱ्यांनी लेकराबाळांसह हजर राहावं! सोबत नृत्य आणि गायन!"

रेवती मला गोठ्यामागं घेऊन गेली.

"हे तू केलंस."

"नृत्य आणि गायन मी नाही."

"मस्करी नको करू, आजी. तुला वाटतं चार लोकांसमोर उभं केलं की माझी भीती जाईल? भीती जात नाही. मी डोळे मिटले की पाणी येतं. कानात, नाकात. मला दुसऱ्यांना शिकवायचं असतं, 'घाबरू नका' म्हणायचं असतं. कोणत्या तोंडानं म्हणू?"

मी गोठ्याच्या भिंतीला टेकले.

"नको जाऊ उद्या," मी म्हटलं. "मी सांगते लोकांना, म्हातारी चळली."

"ते त्यांना माहीतच आहे," ती म्हणाली आणि डोळे पुसले. मग, "पाणी बघून येईन. फक्त बघून."

नहर

सकाळी अर्धं गाव नहरेवर. जिथं नहर सिमेंटच्या उतारावरून खाली उतरते तिथं पाणी काचेसारखं घसरत येत होतं आणि तळाशी दुमडून, कमरेइतकी उंच, एक जाड लाट उभी. जागची हलत नव्हती. मी मोबाईलमध्ये पाहिली होती, पण हिचा आवाज निराळा. दळण चालू असल्यासारखा. काठावर पाटकरी बसला होता. नहरेची दारं उघडायचं-लावायचं काम याचं. दुपारपर्यंत पाणी या गावाचं, मग वरचं दार खाली करून पाणी दुसऱ्या फाट्याला द्यायचं. तिकडच्या शेतकऱ्यांची दोन माणसं आधीच येऊन बसली होती, सूर्याकडं बघत.

रेवती काठावर आली, चेहरा पांढरा. पण पाण्याकडं बघता बघता तिचं बघणं बदललं. तिनं एक वाळकी काडी वर टाकली, कुठून जाते ते पाहिलं. मग लांब बांबू मागितला आणि खालच्या अंगाला काठावरून तळ चाचपला. दगड किती, लोखंड कुठं, पाणी किती. वळणावर पाणी कमरेएवढंच होतं आणि काठ उतरता. फळीची पायाला बांधायची दोरी तिनं सोडून टाकली. समुद्रात ही दोरी लागते, बैलाच्या दाव्यासारखी. पण वाहत्या नहरेत ती कशात अडकली तर माणूसही अडकतो, म्हणाली. एवढं सगळं केलं, आणि मग फळी काखेत धरून नुसती उभी राहिली.

उभी राहिली ती राहिलीच.

गावानं मदत सुरू केली.

"काऊन थांबली?"

"आधी नारळ फोडा लागते."

"गाणं लावा ना गा, बिनागाण्याचं कसं नाचन?"

"थंडी वाजत असन पोरीले. च्या आणा."

दुसऱ्या फाट्याचा एक जण पाटकऱ्याला म्हणाला, "सूर्य डोक्यावर येऊन राहिला, भाऊ." सुधाकर मागं झाडाखाली पाठमोरा उभा होता. रेवतीनं फळी खाली ठेवली. मला कळलं, झालं. ही आता वळणार.

आणि दिलीपराव खुर्चीवरून उठले. हो, खुर्ची नहरेवरही आणली होती.

"थांब बेटा. आधी मी दाखवतो."

यात त्यांचा दोष नाही. जवाई हजर असताना घरची पोरगी पहिली कशी उतरेल, हा गावालाही पडलेला प्रश्न होता. कोणी बोलत नव्हतं एवढंच. कुसुमनं तर पुढं होऊन त्यांचं घड्याळ हातात घेतलं. "काकाजी, नको," रेवती म्हणेपर्यंत शर्ट निघाला होता, फळी उचलली होती, आणि नागपूरचे दिलीपराव बनियनवर, फळीला घोड्यावर बसावं तसे बसून उतारावरून निघाले होते.

लाटेपर्यंत त्यांची बैठक चांगली होती. लाटेनं त्यांना आणि फळीला वेगळं केलं. फळी एकीकडं उडाली, जवाईबापू दुसरीकडं गडप. मग डोकं वर आलं, तोंड उघडं, पुन्हा गेलं. कुसुमची मुलगी किंचाळली.

रेवती उतरली कधी, हे कोणीच पाहिलं नाही. मी तिच्या बाजूला उभी होते, मीही नाही. दिसली तेव्हा पाण्यात होती, आणि तिचा एक हात जवाईबापूंच्या बनियनच्या मागच्या अंगात.

"पाय पुढं करा! पाय पुढं! उताणे व्हा! मला धरू नका, मी धरलंय!"

तिचा तो आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. वर्गावर ओरडायला मीही ओरडले आहे, पण माझ्या ओरडण्यानं कोणी तरंगलं नाही. वळणाजवळ तिनं त्यांना उभं केलं. पाणी त्यांच्या कमरेइतकं होतं. त्यांना ते पटायला जरा वेळ लागला. चार हातांनी त्यांना काठावर ओढलं, कुणी पाठ चोळली. खोकून झाल्यावर जवाईबापू म्हणाले, "पाण्याला ओढ आहे." गावानं मान डोलावली. जवाईचं म्हणणं होतं.

सुधाकर धावत वळणापर्यंत आला होता, चपला मागंच राहिलेल्या. रेवती अजून पाण्यात. केस तोंडावर, धापा टाकत. तिनं आपल्या दोन्ही हातांकडं पाहिलं, मग पाण्याकडं, जणू ते कोणी ओळखीचं माणूस आहे आणि नाव आठवत नाहीये. फळी पलीकडच्या काठाला लागली होती. ती गेली, फळी घेतली. बापाकडं पाहिलं.

सुधाकर 'ये वर' म्हणाला नाही. त्याला किती जड गेलं ते मी पाहत होते.

ती काठाकाठानं लाटेपर्यंत वर आली, फळी लाटेच्या तोंडावर टाकली आणि झेपावली. पडली. वाहत गेली, परत आली. पुन्हा पडली. तिसऱ्यांदा गुडघ्यावर आली आणि पडली, आणि मी ऐकलं, पडताना तिनं अस्सल आमगावची शिवी दिली. शिवी ऐकून माझा जीव भांड्यात पडला. मेलेली माणसं शिव्या देत नाहीत.

मग ती उभी राहिली.

गुडघे वाकलेले, हात सैल. पाणी तिच्या खालून धावत होतं आणि ती जागच्या जागी होती. थोडी डावीकडं झुकली, फळी डावीकडं गेली. उजवीकडं झुकली, उजवीकडं. धान, नहर, म्हशी, खुर्ची, सगळं होतं तिथंच होतं, आणि मधे आमची पोरगी पाण्यावर उभी. माझ्यापाशी विशेषणं होती, वार्षिकात छापलेली. एकही कामाचं निघालं नाही.

"मस्त हाय," शेवटी कोणीतरी म्हणालं. "पण गाणं पाहिजे होतं."

ती तशीच होती आणि लाट बसायला लागली. उतू चाललेल्या दुधाखालची आच कमी करावी तशी, हळूहळू. पाटकऱ्याच्या माणसानं वर दार खाली केलं होतं. दुसऱ्या फाट्याची वेळ झाली होती आणि ते दोघं समाधानानं विड्या पेटवत होते. जगात सगळीकडं लाट वाऱ्याच्या मर्जीनं येते-जाते, आमच्याकडं पाटकऱ्याच्या. लाट घोट्याएवढी झाली, मग नुसता ओघळ. फळी ओल्या सिमेंटला टेकली आणि रेवती तिच्यावर उभीच.

ती उतरली. फळी काखेत घेऊन पाटकऱ्यापाशी आली.

"काका, आपली पाळी पुन्हा कधी?"

"आता आठ-दहा दिवसांनं, बेटा. ये ना, दार जरा जास्त उघडून देतो."

"तोवर नाही थांबता येणार," ती म्हणाली. "मी परवा निघून राहिली."

सांगितलं पाटकऱ्याला. पण आपल्याला सांगितलंय हे तिच्या बापाला कळलं. सुधाकरनं आधी चपला शोधल्या. मग फळी तिच्या हातून घेतली, खांद्यावर टाकली आणि गाडीकडं चालायला लागला. दोर त्यानं दोनदा सोडून पुन्हा बांधला. कुसुमनं डब्यात वडे भरून दिले, जवाईबापूंनी दोराचं दुसरं टोक धरलं आणि बॅलन्सबद्दल चार गोष्टी सांगितल्या. निघता निघता सुधाकर गाडीच्या दाराशी थांबला.

"एवढी लांब फळी रेल्वेत नेऊ देतात का? आपण आणली तेव्हा तू कोणाला विचारलं होतंस?"

"नाही बाबा. विचारलं असतं तर नाही म्हणाले असते."

त्यानं दोर ओढून पाहिला.

"मग आताही नको विचारू," माझा मुलगा म्हणाला.